आगर-परसातले डास: नवीन राहायला आलात तर सुरुवात कुठून करायची

डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो तेव्हा डास म्हणजे संध्याकाळी सातला खिडक्या लावायच्या आणि मशीन चालू करायचं, विषय संपला. गुहागरच्या बाजूला सासरच्या घरी कायमचं राहायला आलो आणि पहिल्याच पावसाळ्यात कळलं की इथे प्रकरण वेगळं आहे, कारण इथले डास सकाळी दहाला तुळशीला पाणी घालायला गेलं तरी पोटऱ्या फोडून काढतात, आणि परसात कपडे वाळत घालायला गेलं की एक हात दोरीवर आणि एक हात पायावर. तेव्हा मी काय केलं, तर नवीन माणूस जे करतो तेच केलं, दुकानात गेले. निळ्या लाईटचं मशीन आणलं, पडवीत लावलं, सकाळी ट्रे काढून बघितला तर पाकोळ्या, भुंगे, चिलटं, काय काय होतं आणि डास औषधालाही नाही. गवती चहाचे ठोंब लावले, ते मस्त वाढले, चहा छान होतो, डास त्याच्याच पानांखाली बसलेले असतात. मोबाईलमधलं आवाज करणारं ॲपसुद्धा करून झालं, हसू नका.

आता पाच पावसाळे झाले. डास शून्य झालेत असं कोणी सांगत असेल तर त्याच्याकडे माड-पोफळीचं आगर नसणार, पण दुपारी अंगणात खुर्ची टाकून निवांत बसता येतं इतपत नक्की झालंय. जे केलं ते क्रमाने सांगते, त्याच क्रमाने करा, कारण उलट केलं की पैसे जातात.

पहिली पायरी: चावतोय तो कोण ते बघा

हे लोक हमखास सोडून देतात आणि मग गटारात औषध ओतत बसतात, चावणारा डास मात्र झाडावरच्या रिकाम्या बरणीत जन्मलेला असतो. ढोबळ तीन जाती ध्यानात ठेवा. चावतात त्या फक्त माद्या, अंडी घालायला त्यांना रक्त लागतं म्हणून.

दिवसा चावणारा, काळा, पायांवर पांढरे पट्टे, आवाज न करता येऊन घोट्याजवळ चावतो तो एडिस. डेंग्यू, चिकुनगुन्या ह्याचंच काम. २०२१ च्या जुलैत पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला राज्यातला पहिला झिकाचा पेशंट सापडला होता, तो आजारसुद्धा हाच डास पसरवतो. ह्यात परत दोन आहेत, एक घरातला आणि एक बागेतला. बागेतल्याच्या पाठीवर मधोमध एकच पांढरी रेघ असते, आणि आमच्या आगरात हाच जास्त. ह्याला साचलेलं, त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी लागतं आणि ते अगदी थोडंसं असलं तरी चालतं.

रात्री कानाशी गुणगुणणारा तपकिरी तो क्युलेक्स. ह्याला घाण पाणी आवडतं, मोरीचं, गटाराचं, संडासच्या टाकीचं. हत्तीरोग ह्याच्यामुळे.

तिसरा ॲनोफिलिस, मलेरियावाला, हा पण रात्रीचाच. भिंतीवर बसला की ढुंगण वर करून तिरका बसतो, त्यावरून ओळखायचा. विहीर, पाण्याची टाकी, भाताची खाचरं, अशी पाणी जरा जास्त आणि स्वच्छ असलेली ठिकाणं ह्याची. २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादला रोनाल्ड रॉसला मलेरियाचा जंतू ह्याच जातीच्या डासाच्या पोटात सापडला, म्हणून २० ऑगस्ट हा डास दिवस.

तर दोन दिवस नुसतं बघा, कधी चावतायत आणि कुठे चावतायत. दिवसा आणि पायाला म्हणजे डबे-बाटल्या-करवंट्या शोधायच्या. रात्री, आणि संडासच्या बाजूला जास्त, म्हणजे टाकी बघायची. आमच्याकडे दोन्ही होतं.

दुसरी पायरी: अळी ओळखायला शिका

डासाचं आयुष्य पाण्यात सुरू होतं. अंडं, मग अळी, मग कोष आणि मग उडणारा डास, आणि आपल्याकडच्या हवेत हे सगळं साधारण आठ-दहा दिवसांत उरकतं. पुढे जी आठवड्याची फेरी सांगणार आहे ती ह्याच हिशोबावर, दर सात दिवसांनी पाणी काढलं तर अळीला डास व्हायला वेळच मिळत नाही.

अळी म्हणजे ते पाण्यात वळवळणारे बारीक किडे, आमच्या सासूबाई वळवळे म्हणतात. एडिस आणि क्युलेक्सची अळी डोकं खाली शेपूट वर अशी लटकते, शेपटीच्या नळीने श्वास घेते. ॲनोफिलिसची पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली असते. कोष स्वल्पविरामासारखा दिसतो, काही खात नाही पण पळतो भरपूर. ड्रममध्ये काही दिसत नसेल तर बॅटरी मारा, लगेच सगळे सुळकन खाली जातात. किंवा पांढऱ्या वाटीत थोडं पाणी काढून उन्हात धरा. करवंटीत पाणी काळं असतं, ते वाटीत ओतल्याशिवाय काहीच दिसणार नाही, मी पहिल्या वर्षी अशा कितीतरी करवंट्या नुसत्या बघून सोडून दिल्या.

अजून एक, आणि हे मला खूप उशिरा कळलं. एडिस अंडी पाण्यात घालत नाही, पाण्याच्या जरा वर भांड्याच्या ओल्या कडेला चिकटवते. ती अंडी सुकली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात. म्हणजे मे महिन्यात ठणठणीत कोरडा असलेला ड्रम, त्यात अंडी आहेतच, जूनचा पहिला पाऊस पडला, ड्रम भरला की आठवडा-दहा दिवसांत डास तयार, आणि आपण म्हणतो हे आले कुठून. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, आतून कडा घासायला लागतात, काथ्याने किंवा तारेच्या घासणीने, खसाखसा.

तिसरी पायरी: वही घेऊन आगर फिरा

पहिली फेरी नीट वेळ काढून करा, दोन तास तरी. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, म्हणजे जिथे पाणी साचून राहतं ते खरं दिसतं. मी वहीत लिहिलं होतं, सतरा जागा निघाल्या आणि त्यातल्या जेमतेम पाच माझ्या डोक्यात आधी होत्या.

ड्रम, बादल्या, कुंड्यांखालच्या ताटल्या, जुने टायर, हे सगळ्यांना माहीत असतं, टीव्हीवर दाखवतात. फ्रिजच्या मागचा ट्रे पण आता माहीत झालाय. मी बाकीचं सांगते.

सगळ्यात मोठं कारखान्याचं ठिकाण निघालं नारळ. माकडं शहाळी पाडतात, अर्धवट पिऊन टाकून देतात, खारी आणि उंदीर भोक पाडतात आणि तो नारळ खाली पडतो, भोक वर. पावसाचं पाणी आत जातं आणि ते पोकळ नारळ माडांच्या बुंध्याशी पडलेले असतात, कोणी बघत नाही. एकेकात पन्नास-साठ वळवळे असतात, ओतून बघितलेत. ते गोळा करायचे, कोयत्याने दोन तुकडे करून पालथे घालायचे किंवा सरळ पाणी तापवायच्या चुलीत. करवंट्यांचं पण तेच, सरपण म्हणून ठेवायच्या तर पोत्यात भरून पडवीत, उघड्यावर ढीग नको. ढीग केलाच तर सगळ्या पालथ्या, आणि सगळ्या म्हणजे सगळ्या, कारण दहा पालथ्या आणि एक उताणी असली तर डासाला ती एकच पुरते.

मग पोफळीच्या विऱ्या. झाप गळून पडली की देठाकडची रुंद विरी द्रोणासारखी वाकते आणि त्यात पाणी राहतं. पावसाळ्यात रोज दोन-चार पडतात. आम्ही त्या उचलून एका जागी उभ्या टेकवून ठेवतो, निथळत्या.

बांबू. कुंपणाला, मांडवाला लावलेले बांबू वरून कापताना पेराच्या मधे कापले की वर पेला तयार होतो. पेराला लागून वर कापायचे म्हणजे पाणी राहायला जागाच नाही. जे आधीच कापलेत त्यात माती किंवा वाळू ठासून भरा. लोखंडी गेटचे आणि कपड्यांच्या दोरीचे पोकळ पाईप, ज्यांचं वरचं तोंड उघडं आहे, तिथे तर कोणाचं लक्षच जात नाही, मला पण आमच्या गावातल्या आरोग्य सेवकांनी दाखवलं, बोट घाला म्हणाले, बोट घातलं तर पाणी. वर सिमेंटचा गोळा लावून टाकला, पाच मिनिटांचं काम.

आंब्याच्या, चिंचेच्या ढोल्या, त्यात वाळू भरा. अळूच्या, केळीच्या, अननसाच्या पानांच्या बेचक्यात पण पाणी राहतं, तिथे काय करणार, अळू कोणी उपटणार नाही आणि उपटू पण नका, फक्त दाराजवळ लावू नका, लांब लावा आणि कधीतरी पाईपने जोरात पाणी मारून बेचकं धुवून टाका.

लाकूडफाट्यावर टाकलेलं प्लास्टिक किंवा ताडपत्री, तिला खळगे पडतात. ताणून बांधा, मधे काठी उभी करून उतार द्या. पन्हळ पानांनी तुंबली की वर पाणी साचतं आणि खालून काही दिसत नाही, शिडी लावून बघायलाच लागतं. गुंडाळून ठेवलेला काळा पाईप, त्याच्या वळशांत पाणी असतं. नळाच्या व्हॉल्व्हचा खड्डा, ज्यावर सिमेंटचं झाकण आहे आणि वर्षभर कोणी उघडलेलं नाही. जांभ्याच्या पायऱ्यांना आणि गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, मोठी भोकं असतात, त्यातलं पाणी एरवी जिरून जातं, पण शेवाळ धरून बसलेली काही भोकं असतात ती आठवडाभर ओली राहतात, तिथे चमचाभर सिमेंट. गुरांची डोण. पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाणी, ते दोन-तीन दिवसांनी बदलायचंच आणि भांडं घासायचं. मुलांची खेळण्यातली ट्रॉली, आमच्या लेकाची अशी होती की तिच्यात वर्षभर पाणी असायचं.

आणि ज्याने मला सगळ्यात जास्त फसवलं ते म्हणजे झाकलेला ड्रम. मी शहाणपणाने वर हिरवं नेट बांधलं, पण सैल बांधलं, त्याची मधे झोळी झाली आणि ती पाण्याला टेकली. डास वरून बसून नेटमधूनच अंडी घालायचे आणि खाली निवांत नर्सरी. झाकण घट्ट पाहिजे किंवा जुनं सुती धोतर दुहेरी करून ताणून बांधलेलं पाहिजे, मधल्या गोष्टीला अर्थ नाही.

चौथी पायरी: ओतायचं कुठे, भरायचं काय

साचलेलं पाणी मोरीत किंवा गटारात ओतू नका. अळ्या तिथे पण जगतात, आपण फक्त त्यांची बदली केली असं होतं. कोरड्या जमिनीवर, उन्हात ओता, पाच मिनिटांत संपल्या. माडाच्या आळ्यात ओतलं तरी चालतं, आमच्याकडची माती पाणी लगेच पिते. चिकण माती असेल आणि आळ्यात पाणी दोन-चार दिवस तसंच राहत असेल तर आळ्यात नको.

प्रत्येक जागेला एकच प्रश्न विचारायचा, हे मला हवं आहे का. नको असेल तर फेका किंवा भंगारवाल्याला द्या. हवं आहे पण पाणी नकोय तर पालथं घाला, बुडाला भोक पाडा (टायरच्या झोपाळ्याला खालच्या बाजूला तीन-चार भोकं), नाहीतर वाळू भरा. पाणी पण हवंय तर घट्ट झाका किंवा दर आठवड्याला रिकामं करून घासा. आणि रिकामं करताच येत नाही, म्हणजे विहीर, मोठा हौद, कमळाची कुंडी, तर त्यासाठी पुढची पायरी.

पाचवी पायरी: विहीर, हौद आणि गप्पी मासे

मुंबईत १९११ साली बेंटली नावाच्या डॉक्टरने शहरातल्या मलेरियाचा तपास केला तेव्हा बोट विहिरींकडे गेलं होतं, आणि मग विहिरी बुजवायच्या की झाकायच्या ह्यावर बरीच वर्षं भांडणं चालली. आपल्या विहिरी बुजवायचा प्रश्न नाही, पाणी प्यायचंय. विहिरीवर बारीक जाळी बसवता आली तर उत्तम, पानं पण पडत नाहीत. नाहीतर गप्पी मासे.

गप्पी मासे प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, बऱ्याच ठिकाणी त्यांच्याकडे हौदात पाळलेले असतात आणि फुकट देतात. मासा इवलासा, मादी सुद्धा फार तर दोन-अडीच इंचांची, पण अळ्यांवर तुटून पडतो. अंडी घालत नाही, थेट पिल्लंच होतात, त्यामुळे एकदा टाकले की आपोआप वाढतात. आणताना मोठ्या तोंडाच्या डब्यात अर्धं पाणी अर्धी हवा, आणि सोडताना त्या डब्यात आपलं पाणी थोडं थोडं मिसळत पंधरा-वीस मिनिटांनी सोडायचे, नाहीतर गार-गरम पाण्याच्या फरकाने मरतात.

माझी चूक सांगते. मे महिन्यात मोठ्या कौतुकाने वीस मासे विहिरीत सोडले आणि पाऊस लागल्यावर नेहमीसारखं विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकलं, पाणी शुद्ध करायला. दुसऱ्या दिवशी सगळे पोट वर करून. क्लोरीन माशांना चालत नाही हे शाळेतलं पोर पण सांगेल, माझ्या डोक्यात आलं नाही. आता आम्ही विहिरीत टीसीएल टाकत नाही, वर काढलेलं प्यायचं पाणी उकळतो आणि विहिरीत मासे ठेवतो. तुमच्याकडे विहीर सार्वजनिक असेल आणि ग्रामपंचायत टीसीएल टाकत असेल तर तिथे मासे सोडूच नका, टीसीएल जास्त महत्त्वाचं आहे.

आणि हे मासे ओढ्यात, नदीत, तळ्यात सोडू नका. ते बाहेरचे आहेत, आपल्या ओढ्यातल्या बारीक माशांना त्रास देतात. विहीर, हौद, कमळाची कुंडी, एवढंच.

मासे ठेवता येत नाहीत अशा साचलेल्या पाण्यासाठी बीटीआय नावाची पावडर किंवा द्रव मिळतं. हा एक जिवाणू आहे, १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या एका डबक्यात सापडला, अळीने खाल्ला की तिचं आतडं फाटतं आणि ती मरते. माशांना, मधमाश्यांना, गुरांना काही होत नाही. कोषावर मात्र चालत नाही कारण कोष खातच नाही, आणि ह्याचा असर थोडे दिवसच टिकतो, म्हणून आठवडा-पंधरा दिवसांनी परत टाकायला लागतं. प्रमाण पाकिटावर असतं तेच वापरा, अंदाजपंचे नको. आरोग्यवाले ॲबेट टाकतात ते वेगळं, ते केमिकल आहे, ते त्यांनाच टाकू द्या. जळकं ऑईल किंवा रॉकेल टाकायची जुनी पद्धत आहे, तेलाच्या थराने अळी गुदमरते हे खरं, पण ते आगरात नको, माडाच्या मुळांशी आणि शेवटी विहिरीत जातं.

सहावी पायरी: संडासची टाकी आणि मोरी

ही पायरी सगळ्यात स्वस्त आणि हिचा फरक सगळ्यात लवकर दिसतो, तरी लोक करत नाहीत, का ते मला कळत नाही. संडासच्या टाकीचा जो उभा पाईप वर जातो, वास जायला, त्याच्या तोंडातून क्युलेक्स आत-बाहेर करतात. नायलॉनची मच्छरजाळी चौकोनी कापायची, पाईपच्या तोंडावर ताणायची आणि तारेने किंवा जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधायची. झालं. आम्ही बांधली त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जाऊन बघितलं तर जाळीच्या आतल्या बाजूला डासांचा काळा थर, बाहेर पडायला धडपडत होते, ते बघून मला इतका आसुरी आनंद झाला की नवऱ्याला हाक मारून दाखवलं. जाळी दर वर्षी पावसाच्या आधी बदला, उन्हाने विरते. टाकीच्या झाकणाला फट असेल तर सिमेंटने बुजवा.

मोरीचं पाणी केळीला, अळूला सोडायची आपली पद्धत चांगलीच आहे, फक्त एकाच आळ्यात रोज सोडलं की तिथे काळं डबकं होतं आणि ते क्युलेक्सचं माहेर. दोन आळी करा, तीन-चार दिवस इकडे आणि तीन-चार दिवस तिकडे, म्हणजे प्रत्येकाला सुकायला वेळ मिळतो. जागा असेल तर शोषखड्डा, दगड-विटांचे तुकडे भरून.

सातवी पायरी: उडणाऱ्यांचं काय

आतापर्यंतचं सगळं केलं तरी जे डास आधीच उडतायत ते दोन-तीन आठवडे राहणार, धीर धरा. पहिल्या रविवारी साफसफाई करून सोमवारी फरक नाही म्हणून सोडून देणारे खूप असतात. साधारण तिसऱ्या आठवड्यात जाणवायला लागतं.

तोपर्यंत साध्या गोष्टी करा. डास दिवसा गवतात, झुडपांत, सावलीत, ओलाव्यात बसून राहतात. दारापासून चार-पाच हात गवत कापून मोकळं ठेवा, आगर साफ करायची गरज नाही. पडवीत टेबलफॅन लावा, पायाकडे तोंड करून. डास उडायला फार कच्चा असतो आणि आपल्या श्वासाच्या वासावर तो आपल्याला शोधतो, पंख्याने दोन्हीची वाट लागते. माझ्या मते सगळ्या मशिनींपेक्षा हा पंखा बरा. खिडक्यांना जाळी. आगरात जाताना पूर्ण पायजमा, फिका रंग, आणि उघड्या भागाला क्रीम. बाळाला दिवसा झोपवताना पण मच्छरदाणीच, कारण डेंग्यूवाला दिवसाच चावतो.

कॉईल बंद खोलीत लावू नका. एका अभ्यासात एका कॉईलच्या धुरातले बारीक कण मोजले तर ते ७५ ते १३७ सिगरेटींइतके भरले होते. कडुनिंबाच्या पाल्याची धुरी सासूबाई अजून करतात, तासभर बरं वाटतं, पण घरात दमेकरी असेल तर नको. आणि ग्रामपंचायतीची धुराची गाडी आली की लोक खूश होतात, त्याने उडणारे डास त्या वेळेपुरते मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही. गावात डेंग्यूचे पेशंट निघालेत तेव्हा तिचा उपयोग, एरवी तिच्या भरवशावर राहू नका.

आठवी पायरी: रविवारची फेरी

वार ठरवा. आरोग्य खातं ह्याला कोरडा दिवस म्हणतं, आठवड्यातून एकदा घरातली सगळी भांडी रिकामी करून कोरडी करायची. आमचा रविवार, सकाळच्या चहानंतर. पहिली फेरी दोन तासांची असते, नंतर वीस मिनिटं लागतात. लेकाला बॅटरी आणि पांढरी वाटी दिलेली आहे, तो वळवळे शोधतो, सापडली जागा तर दहा रुपये, आधी पाच होते पण त्याने संप केला. मुलांना हे काम खरंच द्या, त्यांची नजर खालच्या उंचीवरून जाते, आपल्याला दिसत नाही ते दिसतं.

जून हा सरकारी पातळीवर हिवताप प्रतिरोध महिना असतो, पण माझं म्हणणं आगोटीच्या कामांतच हे धरा, म्हणजे मेच्या शेवटी, कौलं-पन्हळ बघताना, सरपण भरताना. ड्रम घासून पालथे, नारळ उचललेले, पाईपला नवी जाळी. कोकणात तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, एकदा सुरू झाला की दोन महिने काही आवरायला होत नाही. मुसळधार पावसात डास तसे कमीच असतात, अळ्या वाहून जातात. खरा त्रास उघडीप मिळाली की, ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे नेमका गणपतीत. तेव्हा फेरी चुकवू नका, पाहुणे असले तरी.

एक गोष्ट मधेच सांगून ठेवते, कोणाला ताप आला तर. पॅरासिटामोल चालते, ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका, डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका असतो. मलेरियाची रक्त तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट होते, आशाताईंना सांगितलं तर त्या घरी येऊन रक्त नमुना घेऊन जातात. आणि पेशंटला दिवसा पण मच्छरदाणीत ठेवा, कारण त्याला चावलेला डास पुढे घरातल्या बाकीच्यांना चावणार.

नववी पायरी: गडग्याच्या पलीकडे

एडिस फार लांब उडत नाही, शंभर-दोनशे मीटर, फार तर थोडं जास्त. म्हणजे तुम्हाला चावणारा डास तुमच्या किंवा शेजारच्याच आगरातला. आमचं सगळं साफ झाल्यावरही उत्तरेकडच्या बाजूला डास कमी होईनात, तेव्हा लक्षात आलं की त्या बाजूचं घर बंद आहे, मालक मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला येतात. कोकणात अशी बंद घरं किती आहेत ते सांगायला नको. त्यांच्या मागच्या दारी दोन उघडे ड्रम, एक फुटका रांजण, आणि न्हाणीवर तिरकं पडलेलं प्लास्टिक.

ह्या बाबतीत भांडून काही होत नाही. मी ड्रममधल्या वळवळ्यांचा व्हिडिओ काढून काकांना पाठवला, खाली एवढंच लिहिलं की गणपतीत तुमची नातवंडं इथेच खेळणार आहेत. अर्ध्या तासात फोन आला. तुम्ही स्वतः चाकरमानी असाल तर परत जाताना एवढं करून जा: ड्रम, बादल्या, पिंप रिकामे करून पालथे, वरच्या टाकीचं झाकण घट्ट, फ्लशची टाकी रिकामी करून कमोडचं झाकण खाली आणि वर प्लास्टिक चिकटवून, कारण बंद घरात कमोडमधलं पाणी तसंच राहतं आणि डासांना तेवढं पुष्कळ. कुंड्या शेजारच्यांकडे द्या, ताटल्या काढून ठेवा. आणि गावात कोणाकडे तरी मागच्या फाटकाची किल्ली ठेवा.

काकांची आता आमच्याकडेच असते, पडवीतल्या खुंटीला, बॅटरीच्या शेजारी. रविवारी लेक दोन्ही घेऊन निघतो, आणि त्यांच्या आगरात सापडलेल्या जागेचा दर वीस रुपये आहे, तो काका देतात.